धुरपदाबाईनं तळं गाळलं

बेलभंडार उचलून सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे बेल मिळाला नाही, म्हणून कढीपत्ता घेतला. भंडाराऐवजी डब्यातली हळद. आणि उचलला डाव्या हातानं, कारण उजव्या हातात चहा होता. तेव्हा त्या शपथेत जेवढा दम असेल तेवढीच गोष्ट खरी धरा. पण तळं खरं आहे. ते जाऊन बघता येतं.

तर फार वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की खडकेवाडीमागचा डोंगर तेव्हा गुडघ्याएवढाच होता, गावाच्या खालच्या अंगाला दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती. वरच्या गावाला गोड पाण्याची विहीर होती. ती गावाची. वस्तीनं तिच्याकडं लांबून बघायचं आणि बघून झालं की खाली यायचं. वस्तीच्या वाट्याला होतं तळं. त्याचं पाणी इतकं हिरवं, की पांढरं लुगडं बुडवलं तर रंगाऱ्याकडं जायला नको. एकदा कुणीतरी भरलेली घागर वाटेत विसरला. परत येऊन बघतो तर घागरीत शेवाळाची बाग, आणि एक बेडूक तिथं माळी म्हणून कामाला लागलेला, असं म्हणतात.

पण उन्हाळा लागला की त्याच पाण्यानं वस्तीत जुलाब आणि ओकाऱ्या सुरू व्हायच्या, आणि पाळण्यातली पोरं दगावायची. हे मात्र कुणी वाढवून सांगितलेलं नाही.

त्या वस्तीत धुरपदाबाई राहायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक हौसा लग्न होऊन नांदायला गेलेली. धुरपदा गोधड्या शिवायची. तिची सुई इतकी भराभर चालायची, की गप्पा मारता मारता तिनं एकदा शेजारणीलाच गोधडीत शिवून टाकलं. शेजारीण थेट दिवाळीला उसवली, असं म्हणतात. आणि धुरपदाचं तोंड? ते सुईपेक्षा टोकदार.

त्या उन्हाळ्यात हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आली ती टवटवीत, आणि चार दिवसांत अंथरुणाला खिळली. पोटात पाणी ठरेना. बातमी सासरी पोचली. विहीणबाईंनी गाडीवानाबरोबर निरोप धाडला, "सून बाळंतपणाला पाठवलीया, मारायला न्हवं. तुमचं पानी बाधतं. पोरीला गाडीत बसवा."

निरोप खोटा असता तर धुरपदानं गाडीवानाला गोधडीत शिवून परत पाठवला असता. पण निरोप खरा होता. ती सुई बाजूला ठेवून उंबऱ्यात बसली. एवढ्या उन्हात, गाडीच्या हिसक्यांत लेक पोचली नसती. आणि इथं ठेवावी, तर प्यायला द्यायचं काय?

"दादा, अमावस्येपातुर थांबा म्हनावं," ती शेवटी म्हणाली. "तवर मी पानी बदलते."

"पानी बदलता?" गाडीवान म्हणाला. "ते काय लुगडं हाय व्हय?"

धुरपदा तणतणत तळ्यावर गेली, वाकून घागर भरली, आणि नाकातली फुली टुपकन पडली. नवऱ्यानं घेतलेली एकच चीज! घागरीतच पडली असणार म्हणून तिनं घरी येऊन जुन्या लुगड्याच्या चार घड्या केल्या, दुसऱ्या घागरीच्या तोंडावर बांधल्या आणि पाणी हळूहळू ओतलं. फुली काही सापडली नाही. फडक्यावर राहिला गाळ, शेवाळ, वळवळणारे किडे आणि काळे राठ केस. आणि खालच्या घागरीत? खालच्या घागरीत पहिल्यांदाच घागरीचा तळ दिसत होता.

ते पाणी तिनं चुलीवर चांगलं उकळवलं, निववलं आणि हौसाला पाजलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हौसा उठून बसली आणि म्हणाली, "आये, भाकरी हाय का?"

धुरपदाला रडू आलं, असं म्हणतात. ती म्हणायची, चुलीचा धूर होता.

पण एका लेकीपुरती घागर गाळून काय होणार? अख्खी वस्ती त्याच तळ्याचं पीत होती. आणि ते काळे केस कुणाचे? वस्तीत म्हैस नव्हती. म्हशी होत्या फक्त रंगराव पाटलांच्या. रोज दुपारी त्या तळ्यात डुंबायला यायच्या.

धुरपदा केस घेऊन चावडीवर गेली. "पाटील, तुमच्या म्हशी आमच्या पान्यात बसत्यात. त्यांना दुसरीकडं न्या."

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "धुरपदे, माझ्या म्हशी सोवळ्यातल्या. त्या कशाला तुमच्या तळ्यात येतील?"

"मग ह्ये केस कुनाचं?"

"तुझंच असतील. वेणी घालत जा."

चावडी खदखदून हसली. पाटलांना आणखी चेव आला. त्यांनी बेलभंडार मागवला, खराखुरा, आणि सगळ्यांसमोर उचलला. "त्या तळ्यात पान्याशिवाय काय बी न्हाई! म्हशीचा केस न्हाई, शेपूट न्हाई, म्हैस तर न्हाईच न्हाई!"

हे म्हणताना त्यांची पाठ तळ्याकडं होती. पाठीमागं पाण्यावर नुसती शिंगं दिसत होती.

"आनि काय निघालं तर?" धुरपदानं विचारलं.

"निघालं तर ते माझं न्हवं. ज्याला गावंल त्याचं!"

"बरं," म्हणून धुरपदा घरी आली. तिनं वस्तीतल्या प्रत्येक घरून एक जुनं, धुतलेलं लुगडं मागितलं. बायकांनी दिलं. काहींनी नवऱ्याचं धोतरही न विचारता दिलं. मग धुरपदानं जी सुई धरली, ती दोऱ्याला वाफ येईपर्यंत सोडली नाही. तळ्याएवढी एक गाळणी तयार झाली, चार पदरी. ती वाळत घातली तेव्हा तीन गावांवर सावली पडली आणि कोंबड्या झोपायला गेल्या, असं म्हणतात.

सकाळी वस्तीनं गाळणीला दगड बांधून ती तळ्याच्या तळाशी बसवली. दुपारी पाटलांच्या म्हशी नेहमीसारख्या आल्या आणि डुंबल्या. मग धुरपदानं लुगड्याचा काचा मारला आणि आरोळी दिली, "उचला!"

चारी बाजूंनी वस्तीनं ओढलं. बायांनी ओढलं, गड्यांनी ओढलं, म्हाताऱ्यांनी उरलेल्या दातांनी ओढलं. आणि तळं उठलं! अख्खं तळं माणूसभर हवेत आलं, आणि गाळणीतून धो धो पाणी खाली पडायला लागलं. पडलेलं पाणी असं, की तळाचा खडा आणि खडा मोजावा.

वर गाळणीत काय काय राहिलं? पोतीच्या पोती शेवाळ. गाडीचं एक चाक. ठराव पास करत बसलेले बेडूक. पाटलांच्या सगळ्या म्हशी. आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेला, फेटा बांधलेला एक जावई.

"तुम्ही कोन?" धुरपदानं विचारलं.

"पाटलांचा जावई. तीन दिवाळ्यांमागं दिवाळसणाला रुसून पान्यात बसलो. म्हनलं, कुनीतरी बोलवायला येईल. कुनी आलंच न्हाई."

तेवढ्यात पाटील धावत आले. "माझ्या म्हशी! माझ्या म्हशी!"

"कुठल्या म्हशी, पाटील?" धुरपदा म्हणाली. "तळ्यात म्हैस न्हाईच न्हाई. बेलभंडार उचललाय तुमी. आनि निघालं ते ज्याला गावंल त्याचं."

पाटील म्हशींकडं बघायचे, धुरपदाकडं बघायचे. घाम पुसायचे. शेवटी हळूच म्हणाले, "असं कर, जावई तुला ठेव. म्हशी मला दे."

"मामंजी!" जावई गाळणीतून ओरडला.

"दोनी एकाच तळ्यातलं," धुरपदा म्हणाली. "न्यायचं तर सगळं न्या. पर आदी मोठ्यानं सांगा, तळ्यात काय व्हतं."

तेवढ्यात काठावरून हौसा ओरडली, "आये, तुजी फुली!"

बघतात तर सगळ्यांत थोराड म्हशीच्या नाकात धुरपदाची फुली चमकत होती. तिला ती शोभत होती, असं म्हणतात. सगळ्या गावासमोर पाटलांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तळ्यात म्हशी व्हत्या. माझ्याच व्हत्या. आनि लोक त्येच पानी पीत व्हती."

खोट्या शपथेचं प्रायश्चित्त धुरपदानंच ठरवलं. पाटलांनी आणि जावयानं स्वतःच्या हातांनी म्हशींसाठी लांब वेगळं डबकं खणलं, आणि तळ्याला दगडी कठडा घातला. कठडा बांधून होईपर्यंत वस्तीनं गावाच्या विहिरीवर पाणी भरायचं, असं ठरलं. कठडा झाला. पण पाणी भरायचं बंद करायची आठवण कुणालाच राहिली नाही. अजूनही राहिलेली नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीतला एकही पाळणा रिकामा झाला नाही. हौसाला मुलगी झाली, आणि रडली ती अशी की वरच्या गावातली भांडी वाजली. विहीणबाई बारशाला आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि जाताना एक घागर भरून घेऊन गेल्या. फुली तेवढी धुरपदाला परत मिळाली नाही. म्हैस ऐकेना.

धुरपदा पुढं मेली की नाही, ह्यावर दोन मतं आहेत. ढग मळके दिसले म्हणून ती सुई-दोरा घेऊन वर गेली, आणि पाऊस नितळ पडतो तो तिच्यामुळंच, असं म्हणतात.

आजही खडकेवाडीत उन्हाळा लागायच्या आधी धुरपदाची गाळणी निघते. पुढं एक म्हैस असते, नाकात फुली घातलेली, आणि तिला वाजतगाजत डबक्यावर नेतात. गाळलेलं, उकळलेलं पहिलं भांडं बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणीला देतात. मग पाटलांच्या घरातल्या थोरल्याला सगळे विचारतात, "तळ्यात काय हाय?" त्यानं "काय बी न्हाई" म्हणायचं नसतं. त्यानं म्हणायचं, "गाळून सांगतो."

आता गाळणी म्हटली की ती विरते. दर वर्षी तिला नवा तुकडा लागतो, आणि रिवाज असा आहे की ज्यानं ही गोष्ट ऐकली त्यानं तो द्यायचा. तुम्ही ऐकलीत. मी बघत होतो. तेव्हा काढा. सुती रुमाल चालेल, पंचा चालेल, सदऱ्याची बाही चालेल. जुनं असावं, धुतलेलं असावं, चार घड्या होतील एवढं असावं.

देणार नाही म्हणता? हरकत नाही. गाळणीत जावयाची जागा अजून रिकामीच आहे.