खोडामागचा वैद्य

फार पूर्वी, झाडं बोलायची तेव्हाची ही गोष्ट. एका रानात सुतार पक्षी झाडांचा सरकारी वैद्य होता. खोडातली अळी काढायची आणि राजाच्या कोठारातून रोज दहा दाणे न्यायचे, असं ठरलेलं होतं. दहा दाण्यांत पिल्लांचं भागत नसे. म्हणून काढलेल्या अळ्या तो गुपचूप घरी न्यायचा.

मग मोरराजाने सुधारणा आणली. यापुढे प्रत्येक अळी कोठारात जमा करायची. कोठारावरचे अधिकारी पोपटसाहेब रोज सुताराची चोच उघडून तपासू लागले.

"साहेब, ती अळी म्हणजे माझं दुखणं, आणि ते मी परत मागितलेलं नाही," म्हातारी जांभूळ म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," पोपटसाहेब म्हणाले.

कोठार होतं राजाच्या सागवानी सिंहासनाखालीच. महिन्याभरात ते अळ्यांनी भरलं आणि अळ्यांना भूक लागली. एके दिवशी भर दरबारात राजाने पिसारा फुलवला आणि तो सिंहासनासकट खाली आला. सगळं रान हसलं. राजालाही हसू आवरेना.

"वैद्यबुवा, हे सिंहासन बरं करायचं काय घ्याल?" पिसं झटकत त्याने विचारलं.

"आत जे सापडेल ते, महाराज."

"मग घ्या. आणि उजळ माथ्याने घ्या."

त्या दिवशी पिल्लं पोटभर जेवली. पण सुताराची सवय काही गेली नाही. अजूनही कुणी बघतंय असं वाटलं, की तो टुणकन खोडाच्या मागे जातो आणि आपल्या हक्काची अळी तिथे लपून खातो.