बोटाखालची जागा

वस्तू आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. एका कॅमेऱ्यावर दोन बटणं होती. काळं फोटो काढी, लाल व्हिडिओ. काळं अगदी बोटाखाली होतं. लाल मागच्या कोपऱ्यात, शोधावं लागे असं.

"माणसांना 'हलू नका' म्हणायचं आणि मग त्यांना टिपायचं! न हलता जगतं का कुणी?" लाल बटण टोचून बोले.

"भिंतीवर माझंच काम लागतं, बाळा," काळं म्हणे.

"मग एक दिवस कामं बदलू या."

"बदलू की. लोक मलाच शोधत येतील."

दोघांनी कामं बदलली. फोटोग्राफर दामूअण्णांना सांगायचं मात्र राहून गेलं. त्याच दिवशी म्हाताऱ्या हौसाबाई आल्या. आपल्यामागे हार घालायला एक चांगला फोटो असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दामूअण्णांनी सवयीने बोटाखालचं बटण दाबलं आणि म्हणाले, "छान आला."

काही दिवसांनी हौसाबाई गेल्या. त्यांची मुलगी शकुंतला फोटो मागायला आली, तेव्हा कॅमेऱ्यात फोटो नव्हताच. पडद्यावर हौसाबाई पदर सारखा करत विचारत होत्या, "काढलास का रे? हसू का थोडं?"

"यातून फोटो काढला तर पुसट येईल, ताई," दामूअण्णा मान खाली घालून म्हणाले. "चूक माझी."

"तुझं काम तू परत घे," लाल बटण हळूच म्हणालं. "तिला भिंतीवर आई हवी होती."

काळं हौसाबाईंचा आवाज ऐकत होतं.

शकुंतलाने व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितलं. आईने विचारताच ती म्हणाली, "हस ना."