दोन घटका ऊन

एकदा एका लहानशा खोऱ्यात, सूर्य मावळायला बरोबर दोन घटका उरल्या असताना, घरोघरची माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हात कडीवर, कान चावडीकडे. त्याच दिवशी सकाळी ते खोरं स्वतंत्र झालं होतं.

डोंगरापलीकडे एक मोठं राज्य होतं आणि खोऱ्यावर अंमल तिथल्या राजाचा. राजधानी डोंगराच्या पूर्व पायथ्याशी, म्हणून तिथे सावली लवकर पडे. राजाच्या महालावर अंधारलं की इकडच्या ठाण्यातला नगारा वाजे आणि खोऱ्याने दारं लावायची. खोरं मात्र पश्चिमेला मोकळं. इथल्या अंगणात अजून पिवळंधमक ऊन असे. पण राजाची रात्र झाली म्हणजे सगळ्यांची झाली. नगाऱ्यानंतर जो बाहेर सापडेल त्याला शिपाई घाट चढवून नेत. नेलेलं माणूस परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

येसूच्या नवऱ्याला असंच नेलं. चुकलेली शेळी शोधायला गेला होता, एवढंच निमित्त. तेव्हा सई पोटात होती. आता ती बोलू लागली होती, आणि बंद दाराच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ तळहातावर धरून विचारायची, "आई, हे ऊन आहे ना? मग रात्र का म्हणायचं?" येसू तिला कुशीत ओढायची आणि फटीत चिंधी कोंबायची.

येसू झाडपाल्याची विद्या शिकत होती ती आबांकडे. आबा म्हणजे खोऱ्यातले वृद्ध आणि जाणते पुरुष. राजाचा माल घाटातून वाहून नेण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या खोऱ्याकडे होतं. आबा एकदा एवढंच म्हणाले, "खांदा आपला आहे ना? मग काढून घ्या." लोकांनी काढून घेतला. फटके बसले, चुली थंड राहिल्या, पण ओझं कुणी उचललं नाही. अखेर राजा कंटाळला आणि ठाणं उठलं. जाताना शिपायांनी नगारा नेला. वेळ मोजायचं घटिकापात्र, म्हणजे भोकाची ती तांब्याची वाटी, तेवढी मागे राहिली.

पंचांनी नवा नगारा मढवून ठेवलाच होता. लाकूड आपलं, कातडं आपलं. वाटी नेहमीच्या हिशेबाने पाण्यावर सोडली आणि पहिला मान आबांना दिला.

वाटी बुडाली. आबांनी टिपऱ्या मांडीवर ठेवल्या आणि डोळे मिटले.

"डुलकी लागली वाटतं म्हाताऱ्याला!" कुणीतरी हसलं.

"आबा, स्वातंत्र्य मिळालंय, झोप नव्हे!"

हळूहळू हसू विरलं. दाराशी उभ्या येसूने मागे वळून पाहिलं, तर सई घरात नव्हती. ती टेकडीवरच्या काळ्या खडकावर उभी होती, उन्हात. येसू धावत चावडीवर आली.

"आबा, वाजवा ना! माझी पोर बाहेर आहे!"

"वाजवल्याने आत येईल?"

"येईल. घाबरून येईल."

"कुणाला घाबरून?"

येसूने वर बोट दाखवलं. घाटाची वाट रिकामी होती. ठाण्याचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणाची तरी कोंबडी माती उकरत होती.

"नेतील हो तिला," ती म्हणाली. कोण नेतील, ते मात्र तिला सांगता येईना.

आबांनी डोळे उघडले. "येसू, नगारा आपला झाला, वेळ अजून राजाचीच आहे. त्याच्या महालावर सावली पडते म्हणून आपण आपल्या हाताने कडी लावणार असू, तर शिपाई गेले काय नि राहिले काय! या दोन घटकांसाठीच ना आपण उपाशी राहिलो? जा. पोरीला आणायला नको जाऊस. तिच्यापाशी जाऊन बस."

गावाच्या कुंपणाशी येसूचे पाय अडले. मग ती चढली. वर पोचल्यावर तिने आधी घाटाकडे पाहिलं, बराच वेळ. याच उजेडात तो शेळी शोधायला गेला होता. केवढा उजेड होता तो, हे तिला आज कळलं.

"आई, बघ, सूर्य खाली चाललाय," सई म्हणाली. "त्याला कुणी नेत नाही ना?"

"नाही गं. तो आपला आपण जातो."

"आणि येतो?"

"तो येतो," येसू म्हणाली आणि तिने सईला जवळ घेतलं.

खाली कड्यांवरचे हात एकेक करून सुटले. माणसं अंगणात येऊन नुसती उभी राहिली. सूर्य पुरता बुडाला, तेव्हा आबांनी नगाऱ्यावर एकच टिपरी मारली. दार लावायला कुणीही वळलं नाही.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथे शिपाई कधीचे गेले तरी उजेडातच कडी लागते, तर त्यांच्या उंबऱ्यात घटकाभर बसा आणि ही गोष्ट तेवढी त्यांच्या कानावर घाला.