चेंडूकडे पाठ

माणसांनी बॅट हातात धरायच्या कितीतरी आधी रानात सॉफ्टबॉल रंगायचा. होमपाशी चेंडू टोलवायचा, तिन्ही बेसना पाय लावत पळायचं आणि परत होमला यायचं. पंच दोन: होमपाशी बगळेराव, बेसजवळ टिटवीबाई. दोघांची नजर तीक्ष्ण, आणि दोघांनाही तिचा भारी तोरा.

एकदा सशांच्या आणि मुंगसांच्या सामन्यात चेंडू उंच उडून बाभळीकडे गेला. झेल होतो का ते बघायला दोघेही पंच तिकडेच धावले. झेल सुटला. तेवढ्यात ससा धावत होमला पोचलाही.

"यानं तिसऱ्या बेसला पाय लावलाच नाही!" मुंगसं ओरडली.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. सुटलेला झेल दोघांनी पाहिला होता, ससा एकानंही नाही. सामना रद्द करावा लागला.

"चूक माझी," बगळेराव म्हणाले. "तुम्ही निघालात, तर मी मागं थांबायला हवं होतं."

"आणि मी निघताना हाक द्यायला हवी होती," टिटवीबाई म्हणाल्या.

पुढच्या सामन्यात पुन्हा तसाच चेंडू उडाला. "मी निघाले!" टिटवीबाई ओरडल्या. बगळेरावांची लांब मान चेंडूकडे वळू पाहत होती. पण चेंडूकडे पाठ करून ते तिसऱ्या बेसपाशी जाऊन उभे राहिले.

"अहो, चेंडू तिकडे आहे!" प्रेक्षक खिदळले.

झेल याही वेळी सुटला. ससा सुसाट आला, बेसला वळसा घालून होमला गेला. मुंगसांनी दाद मागितली.

"बाद!" बगळेराव म्हणाले.

ससा उसळला, "तुम्ही तर चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही!"

"चेंडूकडे टिटवीबाई बघत होत्या. म्हणून तर मला तुझे पाय दिसले."