ओठांवरचं बोट

“एवढासा हाय म्हणतोस, मग त्यो करतोय तरी काय?” चिंधीबुवांनी गोधडी शिवता शिवता विचारलं.

आता शिकल्यासवरल्या माणसाला असं विचारल्यावर तो थांबतो थोडाच! निवासने याच मठात बुवांच्या हाताखाली अक्षरं गिरवली होती. आता तो पुण्यात कॅन्सरवर संशोधन करत होता. आणि बुवांनाच रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून दर रविवारी मठाचे उंबरे झिजवत होता.

“मायक्रोआरएनए म्हणतात त्याला. स्वतः काही बनवत नाही, बुवा. प्रत्येक पेशी कधीतरी मरायची असते. पण आतून तिला निरोप येत राहतो, ‘मरू नको, मरू नको.’ वेळ झाली की हा त्या निरोपाला गप्प करतो. तुमच्या रक्तात तोच कमी पडलाय. म्हणून बिघडलेल्या पेशी मरायचंच विसरल्यात.”

“आन् तू त्यो तयार केलास?”

“केला! काचेच्या ताटलीत पेशी पटापट मरतात.”

“माणसाला कवा देणार?”

“अजून... आठ-दहा वर्षं.”

बुवा हसले. चौऱ्याऐंशी वर्षांचं, दोनच दात उरलेलं हसू, पण काय गोड!

तीन वर्षांच्या उपचारांनंतर औषधांनी हात टेकले होते. ‘घरी न्या’ असं डॉक्टरांनी सांगून महिना झाला होता. निवासने घाईघाईने फाईल उघडली.

“दुसऱ्या इस्पितळात दाखवू. गाडी आणलीये मी. एवढ्यात जायचं नाही, बुवा. मी जाऊच देणार नाही. ऐकताय ना? तुम्ही जायचं नाही, जायचं नाही...”

बुवांनी सुई गोधडीत टोचून ठेवली. बोट उचललं आणि अलगद निवासच्या ओठांवर टेकवलं.

निवास गप्प झाला.

...

बोट तिथंच राहिलं. बाहेर चिंचेवर पोपटांचा गलका चालला होता. हळूहळू निवासला बुवांचा श्वास ऐकू येऊ लागला. तुटक होता, पण शांत होता. तीन वर्षं त्याने बुवांचे रिपोर्ट वाचले होते, श्वास कधी ऐकलाच नव्हता. त्याचे डोळे भरून आले. फाईल मांडीवरून घसरली, ती त्याने उचलली नाही.

बुवांनी गोधडीचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं.

“आलास व्हय?” ते म्हणाले. “कवाधरनं वाट बघतोय.”