चार नंबरचा भाडेकरू

एका बाजारपेठेच्या गावात रंगोबाशेठ नावाचे एक दुकानदार होते. खिळे, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या असं सगळं त्यांच्या दुकानात मिळे. पंचक्रोशीत कुणाचंही दार करकरलं की लोक म्हणत, "जा रंगोबाशेठकडे."

दुकानावर चार पैसे सुटले, तसे शेठनी एस.टी. स्टँडच्या मागे एका ओळीत पाच खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. प्रत्येक खोलीत भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, 'भिंतीला खिळा मारू नये.' खिळे विकणाऱ्याच्या घरात हा नियम! पण शेठना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाचांपैकी चार खोल्या कशाबशा भरलेल्या असत. चार नंबरची खोली मात्र टिकेना. नवं जोडपं आलं, दोन महिन्यांत गेलं. मास्तर आले, महिन्यात गेले. दवाखान्यातला कंपाउंडर नरहरी तर अठराव्या दिवशीच वळकटी बांधून उभा राहिला. "शेठ, गावाकडं आई आजारी आहे," म्हणाला आणि निघाला. दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी इतके दिवस लटकली, की तिच्यामागं चिमणीनं घरटं केलं. त्या खोलीत टिकलेली भाडेकरू म्हणाल तर ती एकटीच.

शेठ म्हणत, "पूर्वीसारखी माणसंच टिकाऊ राहिली नाहीत."

मग कुणीतरी सांगितलं, की जागेला नजर लागली आहे. शेठनी लिंबू-मिरची बांधली. नारळ ओवाळून फोडला. शेवटी काळ्या घोड्याची नाल मिळवली आणि स्वतःच्या हातानं उंबऱ्यावर ठोकली. चांगले चार इंची खिळे वापरले. त्यानंतरही दोघे-तिघे आले नि गेले, खोली रिकामीच.

आता धंद्याची एक गंमत आहे. एक दुकान चालत नसलं, की माणसाला वाटतं दुसरं काढावं. शेठनाही तसंच वाटलं. शेजारची मोकळी जागा घेऊन सहावी खोली बांधायची, असं त्यांनी ठरवलं. थोडी रक्कम कमी पडत होती. त्यांनी द्वारकाबाईंच्या हाताकडे पाहिलं. द्वारकाबाई म्हणजे शेठच्या मंडळी. त्यांच्या हातात माहेरच्या सोन्याच्या पाटल्या होत्या.

"द्वारके, वर्षभरात परत घडवून देतो."

द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "देते की. पण एक पैज. आठ दिवस चार नंबरात भाडेकरू म्हणून राहायचं. मी घरमालकीण. आठ दिवसांत एकही तक्रार केली नाहीत, तर पाटल्या तुमच्या. केलीत, तर पाटल्या माझ्या हातात आणि सहावी खोली राहू दे, आधी पाच नीट करायच्या."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

"आणि भाडेकरूचे सगळे नियम पाळायचे. भिंतीवर लिहिलेलेसुद्धा."

शेठ वळकटी घेऊन निघाले. डबा घरून यायचा, तेवढी सूट होती.

पहिल्या दिवशी त्यांनी दार लोटलं, तर ते चार बोटं आधीच अडलं. उंबऱ्यावरची नाल आडवी येत होती. दार लागेना, म्हणून कडी बसेना. शेठ हात धुवायला वळले आणि बाजारातलं एक कुत्रं आत येऊन भाकरी घेऊन गेलं. जाताना त्यानं शेपटीही हलवली. भाकरी जिथं ठेवली होती तिथं ते सरळ गेलं, यावरून त्याचा हा जुना रिवाज असावा.

शेठ तक्रार करायला उठले आणि परत बसले. पाटल्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत अंघोळ केली. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत आलं, खोलीभर फिरलं आणि अंथरुणाखाली जाऊन थांबलं. मोरीचा उतारच उलटा होता. गवंडी काम करत असताना शेठ समोर उभे राहून "उरक लवकर" म्हणत होते, हे त्यांना लख्ख आठवलं. दुपारी जेवायला बसले तर वरच्या सरकलेल्या कौलातून उन्हाची तिरीप नेमकी आमटीच्या वाटीत. ताट डावीकडे सरकवलं, ऊनही डावीकडे सरकलं. शेठ भिंतीला नाक लावून जेवले.

पण खरा छळ सदऱ्याचा झाला. सदरा टांगायला जागाच नाही. जमीन ओली, भिंतीला खिळा नाही आणि मारायचीही सोय नाही. दोन दिवस त्यांनी सदरा खांद्यावर घेऊन काढले.

तिसऱ्या दिवशी दुकानात बसले असताना त्यांनी हळूच एक खिळा खिशात टाकला. कुणाला कळणार होतं? खोलीत आले, दगड उचलला, खिळा भिंतीला लावला. समोर त्यांचंच अक्षर होतं, 'भिंतीला खिळा मारू नये.' शेठनी दगड खाली ठेवला. पैज म्हणजे पैज. चोरून जिंकलेल्या पाटल्या हातात घ्यायला हात उचलला नसता. खिळा त्यांनी दुकानात नेऊन परत डब्यात टाकला.

चौथ्या दिवशी मात्र सकाळीच घरी येऊन उभे राहिले. द्वारकाबाई ओसरीवर होत्या.

"या, चार नंबरवाले. काय काम काढलंत?"

"तक्रार नाही हो, मालकीणबाई. सहज आपलं सांगतो. दार नीट लागत नाही."

"असं? आधीचे तर कधी बोलले नाहीत."

"मोरीचं पाणी आत येतं."

"थोडं कमी पाणी घ्यावं माणसानं."

"वरचं कौल सरकलंय."

"बघू दसऱ्यानंतर."

शेठ दचकले. ही वाक्यं कुठंतरी ऐकली होती. मग ध्यानात आलं, की ऐकली नव्हती, बोलली होती. प्रत्येक भाडेकरूशी, याच ओसरीवर, पान जुळवत जुळवत.

"आणि पटत नसेल," द्वारकाबाई गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "तर गावात खोल्या काय कमी आहेत?"

"द्वारके, हरलो!" शेठ ओरडले. "अगं, लाख खिळ्यांचा मालक मी, आणि चार दिवस सदरा हातात धरून फिरतोय!"

द्वारकाबाई इतक्या हसल्या, की शेजारच्या दोघीतिघी काय झालं म्हणून पाहायला आल्या. मग शेठही हसले.

त्याच दिवशी कामाला सुरुवात झाली. नाल उंबऱ्यावरून काढून चौकटीच्या माथ्यावर लावली, ती वेळ अर्धी घटका. गवंड्यानं मोरीचा उतार फिरवला, ती एक दुपार. कौल बसवायला तर शिडी आणायला लागला तेवढाच वेळ. भिंतीवरची ओळ शेठनी चुन्यानं पुसली आणि तिथंच खुंट्यांची फळी ठोकली. चांगल्या पाच खुंट्या.

मग बाकीच्या चार खोल्यांत जाऊन विचारलं, "काही बिघडलंय का?" सगळे म्हणाले, "छे छे, सगळं झ्याक आहे." भाडं वाढेल ही धास्ती. पण शेठ आता अनुभवी भाडेकरू होते. ते प्रत्येक घरात चहाला बसले. दोन नंबरच्या म्हातारीची खिडकी उघडत नव्हती.

"उघडायचीच नसते आम्हाला," म्हातारी म्हणाली.

"आजी, मलाही चार दिवस सदरा टांगायचाच नव्हता," शेठ म्हणाले आणि दुकानातून नवी बिजागरी घेऊन आले.

आठ दिवसांनी नरहरी कंपाउंडर वळकटीसकट हजर. "शेठ, चार नंबर रिकामी आहे ना?"

"आहे की. आई कशी आहे?"

"कुणाची आई?" नरहरी बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "हां, आई! बरी आहे. मोरीचा उतार फिरवल्याचं ऐकलं, तशी एकदम बरी झाली."

त्यानंतर तो तिथंच राहिला. त्याचं लग्न झालं, पाळणाही त्याच खोलीत हलला. सहावी खोली दोन वर्षांनी उठली, खोल्यांच्याच पैशांतून. पाटल्या द्वारकाबाईंच्या हातात होत्या तशाच राहिल्या. नवी खोली भाड्यानं द्यायच्या आधी शेठ वळकटी घेऊन आठ दिवस तिथं राहायला गेले. बाजारात लोक विचारत, "काय शेठ, पुन्हा भांडलात का घरी?" शेठ म्हणत, "नाही हो, मालकीणबाईंनी भाडेकरू म्हणून ठेवलंय."

चार नंबरच्या दारावरची पाटी तेवढी नरहरी आल्यावरही काढली नाही. मागं चिमणीची पिल्लं होती. शेठनी पाटी हळूच फिरवली, कोरी बाजू पुढं केली. वाऱ्यानं पाटी हलते असं दिसलं, म्हणून खालच्या बाजूला दुसरा खिळा मारून दिला.

चिमणीही भाडेकरूच. आणि तिनं तक्रार करायची वाट कशाला पाहायची?

तात्पर्य: नवी खोली बांधण्याआधी जुन्या खोलीत स्वतः चार दिवस राहून पाहावं. जो मालक भाडेकरूनं न सांगताच त्याची अडचण ओळखतो आणि वेळेवर दूर करतो, त्याचं घर रिकामं राहत नाही.