साडेसाती कुणाची?

महिनाभर भास्करशेठच्या पिकअपमधून जळक्या तेलाचा वास येत होता आणि शेठने सगळ्या अड्ड्यासमोर खापर फोडलं ते ड्रायव्हर यमाजीवर. एकोणीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ते म्हणाले, "तेल धड ओतता येत नाही, तर घरी बस!" यमाजीने वारलेल्या बायकोचा फोटो डॅशबोर्डवरून काढून खिशात घातला. गाडीत त्याचं दुसरं काही नव्हतं.

मेकॅनिक हमीदचाचांनी सायलेन्सरच्या पाइपावरचं तेल चिंधीने टिपलं, इंजिन पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी तासभर फिरवून आणली. पावडर कोरडीच राहिली. म्हणजे इंजिन गळत नव्हतं. चाचांनी चिंधी हुंगली आणि शेठला बोलावलं.

"शेठ, ज्याने हे तेल सांडलं, त्याचं काय करायचं?"

"करायचं काय? पुन्हा गाडीला हात लावू द्यायचा नाही!" शेठ अड्डाभर ऐकू जाईल असे गरजले.

चाचांनी चिंधी त्यांच्या नाकाशी धरली. "मग येत्या शनिवारपासून लांबूनच हात जोडा. हे तिळाचं तेल आहे. शनीसाठी महिनाभर दर शनिवारी तुम्ही बॉनेटवर वाटीभर ओतता, ते फटीतून तापल्या पाइपावर उतरतं. साडेसाती तुमची, ती यमाजीच्या मागे कशाला लावता?"

शेठने मान खाली घालून अड्ड्यावरच थांबलेल्या यमाजीपुढे किल्ली केली. यमाजीने गाडी सुरू केली. वास गेला होता. फोटो मात्र त्याने खिशातच राहू दिला.